उजव्या कोपऱ्याचा दगड

सिमेंटची रिकामी पिशवी माझ्या टेबलावर उपडी झाली. आतून तीन फुटके होज पाइप, जॅकच्या दांड्याच्या टोकाची तडकलेली कडी आणि चुरगळलेली सील पडली. "अण्णा, हे लोक डुप्लिकेट माल देत्यात बघा. एका सीझनात तीन पाइप गेले," पोरगा म्हणाला. पोरगा म्हणजे तिशीतला, बेळगावच्या पश्चिमेला राकसकोपच्या वाटेवरच्या एका गावचा. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, त्याला पुढून बसवलेलं सात फुटी डोझरचं पातं, आणि त्यावर भाड्याची कामं. मी बेळगावातल्या उद्यमबागेत हायड्रॉलिक दुरुस्ती करतो. इथं चार पावलांवर व्हॉल्व्ह आणि पंप बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळं "माल डुप्लिकेट आहे" हे वाक्य आठवड्यातनं एकदा तरी कानावर पडतंच. कधी खरंही असतं.

या वेळी नव्हतं. पाइप कुठं फुटलाय ते बघितलं की निम्मी गोष्ट कळते. फेरूलच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या लोखंडी टोपीच्या, तोंडाशी फाटला तर वळण चुकलेलं असतं. वरचं रबर घासून तार उघडी पडली असेल तर तो कुठंतरी रगडत होता. हे तिन्ही पाइप मात्र मधोमध, अंगावर काही ओरखडा नसताना, आतून बाहेर फुललेले. तारांची टोकं झाडूसारखी पिंजारलेली. आतून दाब आला आणि परत परत आला, एवढं त्यावरून दिसत होतं.

"तिन्ही एकाच जागचे?"

"होय की. दांड्याकडचा पाइप. मागचा अजून कंपनीचाच आहे."

हे त्यानं सहज सांगितलं, खरं माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाची माहिती तीच होती. माल खराब असता तर दोन्हीकडचे पाइप गेले असते.

आधी यंत्र कसं होतं ते सांगतो. पात्याच्या मधोमध उभा पिन, त्याभोवती पातं डावी-उजवीकडं तिरकं होतं. तिरकं करायला डाव्या बाजूला एकच जॅक, म्हणजे तेलाच्या दाबानं दांडा आतबाहेर करणारी नळी, दोन्हीकडून तेल घेणारी. नळीचा आतला व्यास ६३ मिलिमीटर, दांडा ३५ चा. जॅकचं बूड चौकटीला, दांडा पात्याला. लिव्हर ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी. लिव्हर मध्ये सोडली की दोन्हीकडचं तेल व्हॉल्व्हमध्ये बंद होतं आणि पातं त्या कोनात अडकून राहतं. साधं काम. आमच्या भागात अशी पाती फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतात. वेल्डिंग बहुतेक चांगलं असतं. हायड्रॉलिक मात्र ट्रॉलीच्या जॅकवरून उचललेलं असतं, आणि ट्रॉलीला कधी दगड आडवा येत नाही.

पात्याला येतो. हा पट्टा तांबड्या मातीचा, हातभर खाली जांभ्याचा खडक. एप्रिल-मेमध्ये भाताची रानं धूळवाफ पेरणीसाठी सपाट करायची, आणि पावसाळा सरला की पाणंदींवर वाहून आलेला गाळ काढायचा, ही त्याची दोन मोठी कामं. पाणंदीत बांध नेहमी उजवीकडं धरून चालायचं, पात्याचा उजवा कोपरा पुढं काढायचा आणि बांधाच्या कडेची माती ओढून वाटेच्या मध्ये आणायची. बांधाच्या बुडाशी काय असतं? चिरे. आजोबांनी लावलेले.

मी येण्याआधी तीन उपाय झाले होते. एकतारी, म्हणजे रबरात तारेच्या जाळीचा एकच थर असलेला, पाइप दोनदा फुटल्यावर कुणीतरी दोनतारी सुचवला. सल्ला वाईट नव्हता. तीन अष्टमांश इंचाचा एकतारी पाइप १८० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) चालवायचा असतो, त्याच मापाचा दोनतारी ३३० वर. दोनतारी घातला, तो पाच-सहा महिने टिकला, आणि त्या काळात दांड्याच्या कडीचं वेल्डिंग तडकलं, मग सील बाहेर आली. पाइप दणकट झाल्यावर धक्का पुढच्या कच्च्या जागी गेला. कडी नवी केली, तेव्हा मग पाइप परत फुटला.

तिसरा उपाय मला ट्रॅक्टर बघितल्यावर कळला. पातं ढकलत नाही म्हणून एका मेकॅनिकनं ट्रॅक्टरच्या मुख्य रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या, स्प्रिंगखाली वायसर घातली होती. गेज लावलं तर २१५ बार. वायसर काढली, १७० वर आला, आणि कंपनीच्या पुस्तकातला आकडा त्याच्या आसपासच होता. वायसर घालणाऱ्याला मी इथं शिव्या देत नाही, खरं तो पंप आणि लिफ्टचं कव्हर यांच्या जिवावर उठला होता. शिवाय ज्या दुखण्यासाठी वायसर घातली त्याचा मुख्य रिलीफशी काही संबंधच नव्हता.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण चांगले जाणते मेकॅनिक इथं चुकतात. रिलीफ व्हॉल्व्ह असतो पंप आणि लिव्हरचा व्हॉल्व्ह यांच्या मध्ये. पंपानं जास्त दाब केला तर तो उघडतो आणि तेल टाकीत सोडतो. पण लिव्हर मध्ये असताना जॅकमधलं तेल लिव्हरच्या पलीकडं कोंडलेलं असतं. पातं दगडाला धडकलं की दाब पंप करत नाही, दगड करतो. तो दाब लिव्हरच्या व्हॉल्व्हपाशी येऊन थांबतो, रिलीफपर्यंत जातच नाही. घराच्या फाटकावर राखणदार बसवावा आणि चोर आधीच माजघरात असावा, तशी गत. आणि तेल दबत नाही. हायड्रॉलिक तेल एक टक्का आत दाबलं तरी दाब दीडशे बारच्या घरात चढतो. जॅकचा दांडा जरा हलायची खोटी, की आकडा कुठल्या कुठं जातो.

शेतावर गेलो ते मोजायला. सहाशे बारचं गेज नेलं, दुसरा काटा असलेलं. जिथवर दाब चढला तिथं हा काटा थांबून राहतो. साधं गेज अशा ठिकाणी लावू नये, पहिल्याच धक्क्याला काटा गळपटतो. पोराचे मामा ट्रॅक्टर चालवत होते. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस, बोलणं मोजकं. बांधाच्या कडेला उघडा पडलेला जांभा होता, त्याला पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या चालीनं, आधी उजवा कोपरा लावायला सांगितला.

धप्प. ट्रॅक्टर थांबला, पुढची चाकं जरा उचलल्यासारखी झाली. काटा ३८० वर. मग वळवून आणून त्याच खडकाला डावा कोपरा, त्याच चालीनं, बुडाच्या बाजूला गेज लावून. काटा २६० वर.

पोरगा दोन्ही वेळा गेजकडं वाकून बघत होता. "दगड तोच. मग हे वेगळं का ओ?"

उजवा कोपरा मागं ढकलला गेला की पात्याची डावी बाजू पुढं जाते, म्हणजे दांडा ओढला जातो आणि दांड्याच्या बाजूचं तेल कोंडतं. तिथं दांड्यानं जागा खाल्लेली. बुडाच्या बाजूला तेलाला ३१ चौरस सेंटिमीटरची जागा, दांड्याच्या बाजूला साडेएकवीस. जोर तेवढाच, जागा कमी, म्हणून दाब दीडपटीच्या जवळ. त्यात पातं म्हणजे मोठा तरफदांडा. पिनपासून कोपरा १०५ सेंटिमीटर, जॅकचा जोड २८. कोपऱ्यावर अडीच टनांचा धक्का बसला तर जॅकवर सव्वानऊ टनांच्या वर येतो. साडेएकवीसनं भागा, सव्वाचारशे बारच्या पुढं जाता. हे चालीच्या वेगावर. वेग दुप्पट झाला की धक्क्यातली ऊर्जा चौपट होते, आणि मामा नसताना पोरगा दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये चालवायचा, हे त्यानं कबूल केलं. मामांकडं न बघता.

मामा तेव्हा बोलले. "आमच्या वेळी श्रीनगरला धावपट्टीवरचा बर्फ काढायला गाडी यायची. पुढं असंच तिरकं पातं. कुठं काही कडेला लागलं की पातं आपोआप मागं वळायचं, गाडी पुढं. ड्रायव्हर परत सरळ करून घ्यायचा. मला वाटायचं, ढिलं आहे."

ढिलं नव्हतं. बर्फाच्या मुलखात ही नेहमीची गोष्ट. बर्फाखाली काय आहे ते दिसत नाही. गटाराचं झाकण, फूटपाथची कड, रस्त्याचा सांधा. तिथल्या पात्यांना खालून स्प्रिंगवर उचलणारी धार असते, आणि कोन धरणाऱ्या जॅकांच्या दोन लाइनींमध्ये क्रॉस-ओव्हर रिलीफ असतो. एका बाजूचा दाब ठरल्यापेक्षा चढला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल दुसऱ्या बाजूला जाऊ देतो. पातं वळतं, धक्का जिरतो, तेल आतल्या आतच राहतं. आमच्याकडं बर्फ नाही, पण गाळाखालचा चिरा काय आणि बर्फाखालचं झाकण काय, पात्याला दोन्ही आंधळेच.

इथं माझी चूक आली. मी उद्यमबागेतून क्रॉस-ओव्हरचा ठोकळा आणला, दोन रिलीफ एकाच अंगात बसवलेले, आणि जॅकच्या शेजारी दोन्ही लाइनींमध्ये लावला. दोन्ही १९० बारवर. उजव्या कोपऱ्याला खडक लावला. काटा दोनशेच्या खाली राहिला, पातं वळलं. पोरगा खूष. मग मामा म्हणाले, "पातं हलतंय." खरंच, धडकेनंतर पातं हातानं चार बोटं मागंपुढं होत होतं. लिव्हर दोनदा मारल्यावर ताठ झालं. डावा कोपरा लावला तर काटा ४१० च्या वर. आधी २६० होता. म्हणजे मी औषध दिलं आणि ताप वाढला.

रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं, आणि हे मला आधीच कळायला हवं होतं. जॅक एकच, आणि त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. दांडा आत गेला की बुडाकडून ३१ भाग तेल निघतं आणि दांड्याच्या बाजूला जागा होते फक्त साडेएकवीस भागांची. उरलेलं साडेनऊ जाणार कुठं? लिव्हर बंद. मग ते दोन्ही बाजू फुगवतं, दांड्याची बाजू उलटी जॅकला आत ओढायला लागते, आणि बुडाचा दाब आधीपेक्षा वर चढतो. उजव्या धडकेत याच्या उलट. साडेएकवीस निघालं, ३१ ची जागा झाली, मध्ये पोकळी. ती पोकळी म्हणजे हलणारं पातं. क्रॉस-ओव्हर दोन्हीकडं सारखी जागा असेल तिथंच चालतो. बर्फाच्या पात्यांना दोन जॅक असतात ते पात्याला ताकद मिळावी म्हणून, असं मी वीस वर्षं समजत होतो.

एक वाट होती. दोन्ही लाइनींवरून टाकीकडं रिलीफ द्यायचे, आणि पोकळी होईल तिथं टाकीतून तेल ओढून घ्यायला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेनं तेल जाऊ देणारा. चालतं, पण टाकीपर्यंत जादा लाइन आली, आणि या ट्रॅक्टरला ती न्यायची जागा अडचणीची. दुसरी वाट सरळ होती. उजव्या बाजूला तसाच दुसरा जॅक बसवायचा आणि जोडणी उलटसुलट करायची. डाव्या जॅकचं बूड आणि उजव्याचा दांडा एका लाइनवर, डाव्याचा दांडा आणि उजव्याचं बूड दुसऱ्या लाइनवर. आता पातं कुठंही वळलं तरी एका लाइनीतून जेवढं तेल निघेल तेवढीच जागा दुसरीत होते. शिवाय प्रत्येक लाइनीला दोन्ही जॅकांची मिळून ५२ चौरस सेंटिमीटरच्या वर जागा मिळाली. तोच अडीच टनांचा धक्का आता पावणेदोनशे बारच्या आसपास दाब करणार, सव्वाचारशे नाही. निम्मं दुखणं व्हॉल्व्हशिवायच गेलं.

फॅब्रिकेशनवाल्यानं दोन दिवसांत उजवी ब्रॅकेट लावली. ठोकळा तोच, १९० वरच. खडक तोच. उजवा कोपरा पहिल्या गियरात, मग दुसऱ्या गियरात. दुसऱ्या गियरात पातं वीतभर मागं वळलं, काटा १९८ वर थांबला. डावा कोपरा, तसाच. मामांनी लिव्हर मारून पातं सरळ केलं आणि खाली उतरून पात्याला हात लावून हलवून बघितलं. हललं नाही.

१९० च का, हे पोरानं विचारलं आणि ते विचारायलाच हवं. मुख्य रिलीफ १७० ला. क्रॉस-ओव्हर त्याच्या खाली ठेवला तर पातं तिरकं करून टोकाला नेताना तोच उघडेल आणि तेल नुसतं फिरून तापेल. म्हणून थोडा वर. किती वर, ते ट्रॅक्टरच्या चाकांवरून ठरवलं. पात्यासकट अडीच टनांच्या आसपास वजनाचा हा ट्रॅक्टर मातीत पावणेदोन टनांच्या पुढं ढकलू शकत नाही, चाकं फिरतात. तो सगळा जोर एका कोपऱ्यावर आला तरी लाइनीत सव्वाशे बारच होतात. म्हणजे रोजच्या ढकलण्यात व्हॉल्व्ह उघडायचा प्रश्न नाही. धक्का मात्र कोपऱ्यावर पावणेतीन टनांच्या जवळ गेला की तो उघडतो. तुमचा ट्रॅक्टर वेगळा, जॅक वेगळा, तर हे आकडे उचलू नका. हिशेब उचला.

या फेऱ्यांत आणखी दोन गोष्टी सापडल्या. पहिली, कपलर, म्हणजे पाइप ट्रॅक्टरला लावायचा-काढायचा जोड. त्याचा एक कपलर पूर्ण बसत नव्हता, आतला चेंडू अर्धाच उघडायचा. परतीचं तेल अडलं आणि बुडाकडून १७० बार येत राहिला, तर जुन्या एकट्या जॅकमध्ये दांड्याच्या बाजूला अडीचशेच्या जवळ दाब नुसता लिव्हर मारून होत होता. दगड लागायचीही गरज नाही. तीनातला एखादा पाइप असा गेला असणार, असं मला वाटतं, पण कुठला ते आता सांगता येत नाही.

दुसरी, ऊन. पातं काढून अंगणात टाकलं की उन्हात पाइपमधलं कोंडलेलं तेल तापून फुगतं. मग कपलर आत जात नाही. मग हातोडी. त्याच्या कपलरच्या तोंडावर हातोडीचे ठसे बघूनच मला हे कळलं. इंजिन बंद करून, पातं जमिनीवर टेकवून, लिव्हर दोन्हीकडं दोन-चारदा हलवायची आणि मग कपलर काढायचे. अर्धा मिनिट लागतो. काढलेलं पातं सावलीत ठेवलं तर आणखी बरं.

आणि एक, जे मी ओरडून सांगितलं. पोराला सवय होती पाइपवरून बोट फिरवून गळती शोधायची. दाबाखालच्या तेलाची धार टाचणीच्या टोकाएवढी असते, दिसत नाही, आणि कातडीतून आत शिरते. वर नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. असं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरला "हायड्रॉलिक तेल आत गेलंय" हे शब्द सांगायचे, नुसतं "टोचलं" म्हणायचं नाही. शोधायचं असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. मामांनी त्याच दिवशी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टूलबॉक्समध्ये ठेवला.

दिवाळीनंतर तो परत आला. पाइपसाठी नाही, मधल्या पिनाचा बुश बदलायला. पाइपवरची माझी तारखेची चिठ्ठी तशीच होती. बरोबर त्याच गल्लीतला दुसरा ट्रॅक्टरवाला. त्याचं म्हणणं, ह्याचं पातं मध्येच वळतंय, ते जरा टाइट करून द्या, आणि मलापण तसाच ठोकळा बसवा, पण टाइट. मी ठोकळ्यावर दाब ठरवणाऱ्या स्क्रूवरचं चेकनट आणि त्यावर ओढलेली पिवळ्या रंगाची रेघ बघितली. रेघ तुटलेली नव्हती.

"तुमच्या पात्याला जॅक किती?" मी विचारलं.

"एकच की."

मी त्याला खुर्ची दिली आणि कागद ओढला.